भिंत गरिबाची, रस्ता कोणाचा?

15 जानेवारी 2026 रोजी राज्यातील 29 महानगरपालिकांसाठी मतदान झाले. त्यांत नवी मुंबई महानगरपालिकाही होती. या पालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत 2020 च्या मे महिन्यात संपली होती आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला होता. लोकप्रतिनिधींवाचून गेलेल्या या काळात लोकांना नगरसेवक नव्हता; परंतु ‘भावी नगरसेवक’ मात्र चौकाचौकांत, विजेच्या खांबाखांबांवर आणि दुभाजकांच्या कठड्यांवर हात जोडून उभा होता. वाढदिवस, दहीहंडी, नवरात्र, नियुक्ती, अभिनंदन अशी निमित्ते त्याला बारा महिने पुरली. प्रत्यक्ष निवडणूक आली तेव्हा या फलकांची संख्या वाढली एवढेच. लोकशाही स्थगित असतानाही तिची जाहिरात स्थगित झाली नव्हती, या विसंगतीकडे केवळ विनोद म्हणून पाहता येणार नाही. रस्त्यावर टांगलेल्या या जाहिरातीची किंमत कोणी तरी मोजत असतो, आणि ती मोजणारा बहुधा फलकावरचा माणूस नसतो.

ही किंमत कोण मोजतो हे समजून घ्यायचे असेल, तर पावणे गावाकडे पाहावे. ठाणे–बेलापूर रस्त्यालगत, कोपरखैरणे व तुर्भे यांच्या दरम्यान वसलेले हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि खाडीच्या पूर्वेकडील या पट्ट्यात कारखान्यांची रांग उभी राहिली; 1970 साली सिडको आली आणि गावांभोवती शहर उभे राहिले. आज पावण्याच्या एका अंगाला रासायनिक व अभियांत्रिकी कारखाने आहेत, दुसऱ्या अंगाला दाट वस्ती आहे, आणि मधून टँकर, कंटेनर, तुर्भ्याच्या घाऊक बाजाराकडे जाणारे मालट्रक, बसगाड्या, रिक्षा व मोटारसायकली यांचा अखंड ओघ वाहतो. या ओघाच्या कडेने पाळी बदलताना कामगार चालत असतात. त्यांतले बहुसंख्य कंत्राटी आहेत. त्यांना कारखान्याची बस नाही. रेल्वे स्थानकापासून कारखान्याच्या दारापर्यंतचे अंतर त्यांना पायी, सायकलने किंवा सामायिक रिक्षाने तोडावे लागते. रात्रपाळी सुटते तेव्हा अंधार असतो, पावसाळ्यात पदपथ पाण्याखाली असतो, आणि रस्ता ओलांडण्याची जागा जिथे असते, नेमक्या तिथेच दोन खांबांमध्ये एखादा फलक ताणून बांधलेला असतो.

फलक बांधणाऱ्याला ती जागा का आवडते, हे उघड आहे. वाहने जिथे हळू होतात, वळतात किंवा थांबतात, तिथे वाचणारे डोळे अधिक सापडतात. म्हणून चौक, वळण, दुभाजकातील मोकळी फट, सिग्नलचा खांब, बसथांब्याचे छप्पर आणि पादचारी पुलाचा कठडा या जागा प्रचारकाच्या दृष्टीने मोक्याच्या ठरतात. पण रस्त्याच्या शास्त्राच्या दृष्टीने याच जागा सर्वांत नाजूक असतात. चालकाला समोरून येणारे वाहन, बाजूने उतरणारा पादचारी आणि सिग्नलचा रंग या तिन्हींकडे एकाच क्षणी लक्ष द्यावे लागते, ते इथेच. ज्या जागी डोळ्यांवर सर्वाधिक भार आहे, तिथेच त्यांना आणखी एक काम दिले जाते. प्रचाराचे गणित आणि अपघाताचे गणित अशा रीतीने एकाच बिंदूवर येऊन मिळतात.

हे गणित आकड्यांत मांडणे अवघड नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते. फलकावरची चार नावे आणि दहा चेहरे यांवर नजर दोन सेकंद खिळली, तर तेवढ्यात वाहन तेहतीस मीटरांच्या पुढे गेलेले असते, आणि हे अंतर चालकाने रस्ता न पाहता कापलेले असते. अमेरिकेत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात प्रत्यक्ष वाहनांत उपकरणे बसवून चालकांचे वर्तन नोंदवले गेले होते. रस्त्यावरून दोन सेकंदांहून अधिक काळ नजर हटली की अपघाताचा वा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका दुपटीच्या घरात जातो, असा त्याचा निष्कर्ष होता. ताशी 50 किलोमीटर वेगाने कोरड्या रस्त्यावर जाणारी मोटार, चालकाने धोका ओळखल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत साधारणतः पस्तीस मीटर अंतर घेते. भरलेल्या ट्रकला याहून जास्त लागते, ओल्या रस्त्यावर त्याहूनही जास्त. दुभाजकाच्या टोकाशी कमरेइतक्या उंचीवर बांधलेला फलक ओलांडायला उभ्या असलेल्या माणसाला वाहनापासून आणि वाहनाला माणसापासून लपवतो. मूल असेल तर ते संपूर्ण झाकले जाते. अशा ठिकाणी चालक कितीही दक्ष असला तरी त्याला पस्तीस मीटर मिळतच नाहीत.

दुसरा धोका वाऱ्याचा. दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब फलकाचे क्षेत्रफळ साडेअठरा चौरस मीटर भरते. ताशी 50 किलोमीटर वेगाचा वारा त्यावर सरळ आला तर दोनशे किलोंहून अधिक ओढ निर्माण होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. ती पेलायची असते बांबूंनी, सुतळीने आणि बांधकामाच्या बारीक तारेने. वळवाच्या पहिल्या वादळात असा फलक सुटतो तेव्हा तो मोटारगाडीच्या टपावर पडला तर काच फुटते. मोटारसायकलस्वारावर पडला तर जीव जातो. ओझे एकच असले तरी ते कोणाच्या अंगावर कोसळते यावर त्याची शिक्षा ठरते. रस्त्यावरही वर्गभेद असतो तो असा.

हा धोका केवळ कागदावरचा आहे असे कोणी म्हणू नये. 12 सप्टेंबर 2019 रोजी चेन्नईत कामावरून दुचाकीने परतणाऱ्या तेवीस वर्षांच्या अभियंता तरुणीच्या अंगावर दुभाजकावरील फलक पडला, तिचा तोल गेला आणि मागून येणाऱ्या पाण्याच्या टँकरखाली ती सापडली. तो फलक त्या वेळच्या सत्ताधारी पक्षाच्या एका स्थानिक पदाधिकाऱ्याच्या घरच्या विवाहाचा होता. त्याआधी 2017 च्या नोव्हेंबरमध्ये कोइम्बतूर येथे सरकारी शताब्दी सोहळ्यासाठी रस्त्यात उभारलेल्या कमानीवर आदळून एका दुचाकीस्वार तरुणाचा मृत्यू झाला होता. महाराष्ट्रातील मोठ्या दुर्घटना व्यापारी जाहिरातफलकांच्या आहेत. 5 ऑक्टोबर 2018 रोजी पुण्यात रेल्वेच्या जागेतील फलकाचा लोखंडी सांगाडा वाहनांवर कोसळून चार जण गेले. 17 एप्रिल 2023 रोजी पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे पाच जण गेले. 13 मे 2024 रोजी घाटकोपरच्या छेडानगरात एकशेवीस फूट लांब व तितक्याच रुंद फलकाखाली सतरा जणांना प्राण गमवावे लागले. महानगरपालिका जास्तीत जास्त चाळीस फूट बाय चाळीस फूट आकाराला परवानगी देत होती. हे फलक राजकीय नव्हते हे खरे. परंतु अनधिकृत फलकाकडे पाहून न पाहिल्यासारखे करण्याची सवय प्रशासनाला कोणी लावली, हा प्रश्न उरतोच. ज्या अधिकाऱ्याला आमदाराच्या वाढदिवसाचा फलक दिसत नाही, त्याला जाहिरात कंपनीचा फलकही हळूहळू दिसेनासा होतो.

पुण्यातील ती दुर्घटना घडली त्या चौकाला शाहीर अमर शेख यांचे नाव आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या बुलंद आवाजावर हजारोंच्या सभा उभ्या राहत, त्यांच्या नावाच्या चौकात माणसे एका जाहिरातीच्या सांगाड्याखाली मरावीत, यातील उपरोध मराठी माणसाने विसरण्यासारखा नाही.

अशा घटनांतून जे बळी जातात त्यांची तरी नीट मोजदाद होते काय? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात 1,68,491 माणसे रस्त्यावर मृत्यू पावली. त्यांत 74,897 दुचाकीवरची आणि 32,825 पायी चालणारी होती. म्हणजे दर शंभर मृतांत जवळजवळ चौसष्ट एकतर दुचाकीवर होते किंवा पायी होते. त्याच वर्षी महाराष्ट्रातील मृतांची संख्या पंधरा हजारांवर गेली. या अहवालात अपघाताच्या कारणांसाठी अतिवेग, मद्यपान, उलट दिशेने वाहन चालविणे, सिग्नल तोडणे, भ्रमणध्वनीचा वापर असे रकाने आहेत. दृष्टी अडविणाऱ्या फलकासाठी रकाना नाही. ज्याला रकाना नाही त्याचा आकडा नाही, आणि ज्याचा आकडा नाही त्यासाठी कोणत्याही अंदाजपत्रकात तरतूद होत नाही. पोलिसाच्या पंचनाम्यात शेवटी चालकाचा ‘अतिवेग’ किंवा पादचाऱ्याचा ‘निष्काळजीपणा’ लिहिला जातो. फलक उतरवून नेला जातो आणि दोष मृताच्या नावावर राहतो.

कायदा नाही म्हणून हे घडते असे नाही. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणास प्रतिबंध करणारा कायदा 1995 पासून आहे. महानगरपालिका अधिनियमातील 244 व 245 ही कलमे आयुक्तांच्या परवानगीवाचून फलक उभारण्यास मनाई करतात. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या 127-क या कलमानुसार निवडणुकीच्या प्रत्येक भित्तिपत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव-पत्ते असलेच पाहिजेत. निवडणूक जाहीर होताच सरकारी इमारतींवरील फलक 24 तासांत, सार्वजनिक जागांवरील 48 तासांत आणि खाजगी मालमत्तेवरील अनधिकृत फलक 72 तासांत हटवावेत असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर 31 जानेवारी 2017 रोजी सविस्तर निकाल देऊन सर्व महानगरपालिकांना व नगरपालिकांना अनधिकृत फलक हटविण्याचे आदेश दिले. त्या प्रकरणात राजकीय पक्षांनी न्यायालयाला हमीही दिली होती. तरीही 2024 च्या विधानसभा निवडणुकीनंतर, त्याच वर्षाच्या डिसेंबरात, न्यायालयाला प्रमुख पक्षांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल कारवाई का करू नये अशी नोटीस काढावी लागली. जे पक्ष कायदे करतात त्यांनीच दिलेला शब्द न्यायालयात असा मोडून पडला.

कायदा निष्फळ का ठरतो याचे उत्तर अर्थशास्त्राच्या प्राथमिक नियमात आहे. एखाद्या कृतीचा सारा लाभ करणाऱ्याच्या पदरात पडत असेल आणि तिचा खर्च अनोळखी समूहावर विखुरला जात असेल, तर ती कृती गरजेहून कितीतरी अधिक प्रमाणात होत राहते. कारखानदार धूर सोडतो तेव्हा जे घडते तेच इच्छुक उमेदवार फलक टांगतो तेव्हा घडते. फ्लेक्सचे कापड छापायला चौरस फुटाला थोडके रुपये पुरतात. जागेचे भाडे शून्य. बांधणारे हात रोजंदारीवर मिळतात. उलट 1995 च्या कायद्याने ठरविलेली शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी आहे. त्या दोन हजारांचे मोल गेल्या तीस वर्षांत किती उतरले हे कोणत्याही पगारदाराला विचारावे. कैद तर फलकापायी कोणाला झाल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. दंडाची ही रक्कम प्रचारखर्चातील एक किरकोळ बाब होऊन बसते. शिवाय पदाधिकाऱ्याचा फलक उतरविणाऱ्या पालिका कर्मचाऱ्याला बदलीची भीती असते, तो तसाच ठेवणाऱ्याला कसलीच नसते.

पावण्यासारख्या भागात यात आणखी एक गुंता आहे. औद्योगिक क्षेत्राचे नियोजन एका महामंडळाकडे, वसाहतींची जमीन दुसऱ्याकडे, नागरी सेवा व करवसुली महानगरपालिकेकडे, लोहमार्गालगतची पट्टी रेल्वेकडे. घाटकोपर आणि पुणे या दोन्ही ठिकाणी जमीन पालिकेची नव्हती, आणि दुर्घटनेनंतर प्रत्येक यंत्रणेने दुसरीकडे बोट दाखविले. जिथे चार धनी असतात तिथे रस्त्याला वाली नसतो. फलक बांधणाऱ्याला ही सरहद्द पालिकेच्या अभियंत्यापेक्षा अधिक अचूक ठाऊक असते.

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो समाजवादी चळवळीच्या आतूनच येतो. भित्तिपत्रक हे गरीब पक्षाचे वृत्तपत्र आहे, असे जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत, आणि ते खोटे नव्हते. वृत्तपत्रांचे मालक भांडवलदार, नभोवाणी सरकारची. अशा काळात चुन्याने रंगविलेली भिंत, गेरूने लिहिलेली घोषणा आणि खळीने चिकटविलेला कागद एवढीच साधने विरोधकांकडे होती. 1967 साली दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटील यांच्यासारख्या बलाढ्य नेत्याचा पराभव केला, त्यात भिंतींवरच्या पत्रकांचा आणि ती रात्री जागून चिकटविणाऱ्या कामगारांचा वाटा होता. आज फलकांवर सरसकट बंदी आली तर दूरचित्रवाणी व समाजमाध्यमे पैशाने विकत घेणाऱ्यांचे काय बिघडणार? तोंड बंद होईल ते पैसा नसलेल्यांचे. आक्षेप असा आहे, आणि तो झटकून टाकता येणार नाही.

परंतु या आक्षेपात भिंत आणि रस्ता यांची गल्लत झालेली आहे. भिंतीवरचे पत्रक वाचणारा माणूस उभा राहून वाचतो. चौकातल्या फलकाला चालत्या वाहनातून पाहावे लागते. पत्रकात विचार असे: मागणी, आरोप, कार्यक्रम. आजच्या फ्लेक्सवर चेहरे असतात, आणि चेहऱ्यांचा आकार पक्षातील उतरंडीनुसार ठरलेला असतो. त्यातून मतदाराला काही सांगायचे नसते. वरिष्ठांना आपली निष्ठा आणि प्रतिस्पर्ध्यांना आपली ऐपत दाखवायची असते. भिंत रंगविणाऱ्या पेंटरची रोजी फ्लेक्सच्या यंत्राने हिरावून घेतली, हेही या बदलाचेच अंग आहे. मुख्य म्हणजे ज्या समतेचा आधार या आक्षेपाला आहे ती समता रस्त्यावर उरलेलीच नाही. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पण पक्षाच्या खर्चाला नाही. आणि निवडणूक जाहीर होण्यापूर्वीची वाढदिवसाची फलकबाजी कोणाच्याच हिशेबात येत नाही. मोक्याचे चौक ज्याच्याकडे माणसे आणि पैसा अधिक, त्याच्या ताब्यात जातात. गरीब पक्षाचा लहानसा फलक त्या गर्दीत वाचलाही जात नाही. तेव्हा फलकांच्या आजच्या बेबंदशाहीचा बचाव गरिबांच्या नावाने करणे म्हणजे धनवंतांची वकिली फुकटात करणे होय.

मग मार्ग कोणता? ब्राझीलमधील साओ पाउलो शहराने 2007 पासून बाह्य जाहिराती सरसकट बंद केल्या आणि हजारो फलक उतरविले. व्यापारी जाहिरातींपुरता हा मार्ग अनुकरणीय आहे. राजकीय मताच्या प्रसिद्धीसाठी मात्र फ्रान्स व जपान यांची रीत अधिक लोकशाहीवादी आहे. फ्रान्समध्ये निवडणुकीच्या काळात मतदान केंद्रांजवळ नगरपालिका फळ्या उभारते आणि प्रत्येक उमेदवाराला सारख्याच आकाराची जागा देते. जपानमध्येही ठरावीक ठिकाणी सार्वजनिक फलक उभारून प्रत्येक उमेदवाराला क्रमांकाचा समान चौकोन दिला जातो. श्रीमंताला चौकोन मोठा मिळत नाही, गरिबाला लहान मिळत नाही. नवी मुंबईच्या प्रत्येक प्रभागात असे फलक बाजारपेठेत, समाजमंदिराजवळ, उद्यानाच्या भिंतीशी, रेल्वे स्थानकाच्या आवारात, कारखान्यांच्या वसाहतीतील उपाहारगृहांजवळ उभे करता येतील. एकच अट असावी: वाचणाऱ्याने थांबून वाचावे अशी ती जागा असली पाहिजे. चौकापासून, वळणापासून, दुभाजकापासून आणि रस्ता ओलांडण्याच्या जागेपासून ती दूर असली पाहिजे. याचा खर्च पालिकेने करावा; अनधिकृत फलक उतरविण्यासाठी आज जे मनुष्यबळ खर्ची पडते त्यापुढे तो फारसा नसेल. त्याबरोबरच प्रत्येक प्राणांतिक अपघाताच्या पंचनाम्यात जागेवरील फलकांची नोंद सक्तीची करावी, आणि दंड फलक बांधणाऱ्या मजुराकडून न घेता ज्याचा चेहरा त्यावर आहे त्याच्याकडून वसूल करावा.

नव्या सभागृहाकडे ही मागणी अवश्य करावी. परंतु मागणी करण्यापूर्वी पक्षाच्या शाखांना एक काम करावे लागेल, आणि ते इतरांना उपदेश करण्यापेक्षा अवघड आहे. लाल फलकाने झाकलेला पादचारी भगव्या किंवा निळ्या फलकाने झाकलेल्या पादचाऱ्याइतकाच मरतो. मोर्चाचा, अधिवेशनाचा वा कामगार मेळाव्याचा फलक दुभाजकावर बांधताना ‘आपले काम लोकांसाठी आहे’ हे समर्थन टँकरचालकाच्या दृष्टीला उपयोगी पडत नाही. म्हणून प्रत्येक शाखेने ठराव करावा: दुभाजक, सिग्नल, वळण, बसथांबा आणि पादचारी पूल येथे पक्षाचा एकही फलक लागणार नाही; जो लागला असेल तो कार्यकर्ते स्वतः, पालिकेची गाडी येण्याची वाट न पाहता, उतरवतील; आणि कार्यक्रम संपला त्या रात्रीच मंडपाच्या बांबूंबरोबर फलकही खाली येतील. इतर पक्ष असे करणार नाहीत, मग आपण मागे पडू, ही शंका स्वाभाविक आहे. तिचे उत्तर याच पट्ट्याच्या इतिहासात आहे.

1984 च्या 16 व 17 जानेवारीला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेल-बेलापूर परिसरातील भूमिपुत्र आपल्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि त्या बलिदानातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व शासनाला स्वीकारावे लागले. त्या लढ्याला फ्लेक्स नव्हता. छपाईचे ते तंत्र तेव्हा गावात पोहोचलेलेच नव्हते. गावागावांतून, आळीआळीतून, देवळाच्या ओट्यावरून आणि लग्नाच्या मांडवातून निरोप गेला होता, आणि हजारो माणसे आली होती. संघटना जिवंत असते तेव्हा तिला चौकात चेहरा टांगावा लागत नाही. फलकांची गर्दी वाढते ती बहुधा घरोघर जाणे थांबल्यानंतर.

पावण्याच्या रस्त्याकडेने पाळीवर जाणारा कंत्राटी कामगार हा कोणत्या ना कोणत्या फलकावर ‘माझा मतदार बंधू’ म्हणून संबोधला गेलेला असतो. त्याला या संबोधनाची गरज नाही. त्याला समोरून येणारी गाडी दिसली पाहिजे, आणि गाडी चालविणाऱ्याला तो दिसला पाहिजे. रस्त्यावर पक्षाने त्याच्यासाठी करण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे त्याच्या नजरेसमोरून बाजूला होणे. ती शाखांनी याच आठवड्यात करावी. पुढचा पाऊस आणि पुढची निवडणूक या दोहोंची वाट पाहू नये.